शेतीच्या चर्चेला न्यूजग्रुप बरा की मेलिंग लिस्ट?

गोदाकाठ: आपल्या आठ जिल्ह्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप १०२४च्या मर्यादेला टेकलाय. त्यात गेल्या खरिपातली गुलाबी बोंडअळीवरची चर्चा आता शोधूनही सापडत नाही. माझं मत स्वतःच्या न्यूजग्रुप सर्व्हरला. लेख एकदाच सर्व्हरवर बसतो आणि ज्याला लागेल तो वाचतो. आज आलेल्या माणसालाही पहिल्या लेखापासूनचं सगळं धाग्यानिशी दिसतं.

तेरणाकाठी: विरोध. मेलिंग लिस्टच बरी, एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या सभासदांना जाते. न्यूजरीडर, म्हणजे न्यूजग्रुप वाचायचं ॲप, आहे कुणाकडे? थंडरबर्डमध्ये सोय आहे, पण ती संगणकावर, आणि आपली माणसं मोबाइलवाली. पेरणीच्या धांदलीत ग्रुप उघडून बघायला कोण बसतंय? मेल आपोआप हातात येते. शिवाय गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४पासून यूझनेटचे, म्हणजे जगभरच्या न्यूजग्रुपांच्या जुन्या जाळ्याचे, नवे लेख घेणंच बंद केलं. मग मेलेल्या घोड्यावर बसायचं कामून?

गोदाकाठ: यूझनेट वेगळं, न्यूजग्रुप सर्व्हर वेगळा. आपण जगाला जोडायचंच नाही. आयएनएन हे न्यूजग्रुप सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवा, बाहेरच्या सर्व्हरांशी लेखांचा फीड देऊ-घेऊ नका, टीएलएससाठी (सुरक्षित जोडणीसाठी) पोर्ट ५६३ ठेवा, पासवर्डाशिवाय वाचणं-लिहिणं बंद. स्पॅम बाहेरच राहतो. लोक चुकतात ते एक्स्पायरच्या फाइलमध्ये, जिथं लेख किती दिवस ठेवायचे ते ठरतं. तिथं किमान, नेहमीची आणि कमाल अशा तिन्ही मुदतींना ‘नेव्हर’ लिहा, नाहीतर जुने लेख सर्व्हर स्वतःच पुसतो आणि पुन्हा तीच रड.

काळी कसदार: मेलवाल्यांनो, तुमच्या घरातलाही घोळ ऐका. लिस्ट विषयाच्या आधी नाव जोडते, खाली तळटीप चिकटवते. तेवढ्यानं मूळ मेलची डीकेआयएम सही (मेल त्याच डोमेनची आहे याची खूण) मोडते. पाठवणाऱ्याच्या डोमेनचं डीमार्क धोरण (अशा मेलचं काय करायचं ते) ‘रिजेक्ट’ असेल (याहूनं एप्रिल २०१४मध्ये ते केलं आणि जगभरच्या लिस्टा कोलमडल्या) तर जीमेल ती मेल परत फेकतं. मेलमन, म्हणजे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर, हे बाउन्स (परत आलेल्या मेल) वाचणाऱ्याच्या नावावर मोजतं. गुण ५ झाले की त्याची मेल बंद. लिहिणारा एक, शिक्षा दुसऱ्याला! उपाय: मेलमन ३मध्ये डीमार्कची सोय चालू करून ‘फ्रॉम’मध्ये लिस्टचा पत्ता घाला.

दुसरं, मेलमनची मूळ मर्यादा ४० केबी. त्यावरची मेल मॉडरेटरकडे अडकते, म्हणजे बोंडाचा एकही फोटो सुटणार नाही. मर्यादा वाढवली तर ४ एमबीचा फोटो बेस६४मध्ये (फाइल मेलसाठी साध्या अक्षरांत बदलायची पद्धत) सव्वापाच एमबीच्या वर जातो, हजार जणांना पाच जीबी. फोटो सर्व्हरवर टाकून दुवाच द्या. आणि मराठी मजकूर कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत पाठवू नका. प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा नऊ-नऊ खुणांची होते, बेस६४मध्ये चारचीच.

गोदाकाठ: बघा! आणि सगळ्यात मोठा धोका राहिलाच. कुणी फवारणीत १० लिटरला ४ ग्रॅमच्या जागी ४० ग्रॅम लिहिलं, तर न्यूजग्रुपवर ॲडमिन तो लेख काढून टाकतो. मेल हजार इनबॉक्समध्ये गेली ती गेलीच.

तेरणाकाठी: उलटं आहे राव. ४० वाचून तो माणूस पंप घेऊन रानात गेला. तुम्ही इकडं लेख पुसला, त्याला कळणार कसं? तो पुन्हा ग्रुप उघडेल तेव्हा तिथं काहीच नसेल, चूक झाली होती हेही दिसणार नाही. मेलमध्ये त्याच विषयाखाली दुरुस्ती त्याच हजार जणांच्या मोबाइलवर पोचते. पुसण्यापेक्षा पोचणं महत्त्वाचं.

काळी कसदार: इथं मी तेरणाकाठीच्या बाजूनं. पण जुनं वाचायला न्यूजग्रुपचा प्रोटोकॉल एनएनटीपीच बरा, म्हणून दोन्ही जोडा. पब्लिक-इनबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं: लिहिणं मेलनं, साठा एनएनटीपीनं. लिनक्स कर्नलच्या लिस्टा तशाच वाचता येतात.

गोदाकाठ: म्हणजे दोन सेवा चालवायच्या, दोन्हींचा बॅकअप घ्यायचा. मेलची बाजू कोण सांभाळणार ते आधी सांगा. आयएनएन मी लावतो.

तेरणाकाठी: मेलमन माझ्याकडे. मात्र फवारणीच्या मेल मॉडरेशनमधूनच सुटतील, दोघांनी प्रमाण तपासल्याशिवाय नाही.