क्लोन वासराचं यश कुठे ठरतं? बीजांडात, पेशीत की गाईच्या कुशीत?

धागाकर्ता: कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ ला गीर कालवड 'गंगा' जन्मली, वजन ३२ किलो. क्लोन म्हणजे एका जनावराची हुबेहूब प्रत: बीजांडातलं केंद्रक काढून तिथे त्या जनावराची पेशी जोडतात आणि तयार झालेलं भ्रूण दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवतात. इथे शेपटीची पेशी गीरची, बीजांडं साहिवाल जातीच्या गाईंची, गर्भ वाढवला संकरित गाईने. म्हशीचं क्लोन तिथेच २००९ मध्ये झालं होतं, मग गाईला चौदा वर्षं का लागली? माझ्या मते मुख्य अडचण बीजांडांची. म्हशीची कत्तलखान्यातल्या अंडाशयांतून ढिगाने मिळतात. गाईची जिवंत जनावरातून, सोनोग्राफीवर बघत सुईने काढावी लागतात. हाती येतात मोजकीच, आणि त्यातलंही एखादं कच्चं राहिलं की त्यावरची पुढची मेहनत वाया. बीजांडांची सोय करा, यश वाढेल.

प्रतिसाद १: दादा, हे पटत नाही. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी २७७ बीजांडांत पेशी जोडल्या, त्यातून २९ भ्रूणं मिळाली आणि कोकरू एकच. तुटवडा कुठे होता? शेपटीच्या कातडीतली पेशी आयुष्यभर कातडीचंच काम करत आलेली असते. तिच्या डीएनएवरच्या जुन्या खुणा काही तासांत पुसल्या गेल्या तरच नवं वासरू घडणार. म्हणून तर पेशी उपाशी ठेवून तिचं विभाजन थांबवतात. कोणती पेशी घेतली आणि ती कोणत्या अवस्थेत होती, खरा खेळ तिथे आहे.

प्रतिसाद २: मी पशुवैद्यक आहे. तुम्ही दोघंही सातव्या-आठव्या दिवसाच्या भ्रूणावर थांबलात. ते गाईत ठेवल्यावर निम्मं काम उरतं. क्लोन गर्भाची वार नीट धरत नाही, तिला गर्भाशयाशी जोडणाऱ्या गाठी कमी आणि फुगलेल्या असतात, कधी पोटात पाणी साठतं, गाय उशिरा गाभ टाकते. वासरू अवाजवी मोठं झालं तर सिझेरियन. गाईने काय सोसलं, हे यशाच्या टक्केवारीत कुणी मांडतच नाही, याची मला चीड आहे.

धागाकर्ता: डॉक्टर, गाईचा मुद्दा मान्य. पण वार बिघडते तीही आधीच्या भ्रूणातल्या दोषामुळेच ना?

प्रतिसाद १: तेच म्हणतोय मी! १९९८ मध्ये जपानमध्ये एका गाईच्या बीजांडाभोवतीच्या आणि बीजवाहिनीतल्या पेशी वापरल्या. १० भ्रूणांतून ८ वासरं.

प्रतिसाद २: त्यातली ४ जन्मताना किंवा लगेच नंतर दगावली, तेही लिहा. शवविच्छेदनात दोष सापडला नाही, म्हणजे तुमची पेशी निर्दोष आणि वासरू तरी गेलं. कर्नालची २००९ ची पहिली क्लोन पारडीही फुप्फुसाच्या संसर्गाने काही दिवसांतच गेली. विण्याच्या रात्री गोठ्यात कोण हजर होतं, हेही यशाच्या कारणांत धरा.