'दणकट' व्हेप आपटून, बुडवून नेमकं काय कळतं?

ओहमवाला

दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हेप मॉडच्या (ई-सिगारेटचा बॅटरी आणि बटण असलेला खालचा भाग) चाचण्यांचे व्हिडिओ एकाच साच्यातले असतात. जिन्यावरून फेकायचं, बादलीत बुडवायचं, वरून गाडी न्यायची, मग बटण दाबून वाफ काढायची. "बघा, अजून चालतंय!"

माझा आक्षेप या 'चालतंय'वरच आहे. टॉर्च आपटल्यावर लागली की विषय संपला. इथे आत दोन १८६५० सेल (बोटाएवढे, सुटे काढता येणारे लिथियम-आयन सेल) आहेत, बाहेर जाड धातू आणि रबर आहे, आणि वस्तू तोंडाजवळ धरायची आहे. लिथियम-आयन सेल आतून बिघडला की वायू सोडतो. तो बाहेर पडायला वाट लागते, म्हणून साध्या मेकॅनिकल मॉडला (ज्यात सर्किट नसतं) मुद्दाम भोकं ठेवतात. आता आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) हवं तर तीच भोकं बुजवावी लागतात. शिटी काढून भोक बुजवलेला कुकर कितीही उंचावरून आपटून दाखवा, मी तो गॅसवर ठेवणार नाही.

सेल बिघडला तर वायू कुठून बाहेर पडेल, हे त्या व्हिडिओंमध्ये कधी विचारलं जातं का? मला तरी दिसलं नाही. म्हणून या चाचण्या करमणूक म्हणून ठीक, पण त्यांच्या भरवशावर खरेदी करू नये असं माझं मत.

रानवाटा

मुद्दा पटला नाही. माझं काम उघड्यावरचं, धूळ आणि पावसातलं. अशा ठिकाणी उपकरणं स्फोटाने मरत नाहीत. चार्जिंग पोर्टमध्ये माती जाते, बटण चिकटतं, स्क्रीनमध्ये ओल शिरते आणि एक दिवस खेळ खलास. सील त्याचसाठी असतं.

आणि स्फोटांचंच काढलंत म्हणून सांगतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या, माध्यमांत आलेल्या आग-स्फोटाच्या १९५ घटना मोजल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच, उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. खिशात किल्ल्या, नाणी, त्यात सेल. तिथे वायूच्या वाटेचा काय संबंध? उलट घट्ट दाराचा मॉड पडला तर सेल बाहेर उडत नाही, त्याचं वेष्टण फाटत नाही. तुम्ही ज्याला धोका म्हणताय त्यानेच धोका कमी होतो.

ओहमवाला

@रानवाटा, सेल उडत नाही हे मान्य. पण वेष्टण फाटायला सेल बाहेरच पडायला हवा असं नाही. जोरात आपटला की आतली स्प्रिंग सेलच्या टोकाला घासते. धन टोकाजवळ वेष्टण टवकलं तर धोका मोठा, कारण टोकाची गोल टिकली सोडली तर सेलचा बाकी सगळा डबा ऋण असतो. मध्ये कागदाची एक चकती, बस. मॉड पडल्यावर दार उघडून ही चकती बघणारा परीक्षक मला दाखवा.

ठोकताळा

चाचणीचं काम पोटापाण्यासाठी करतो (व्हेपचं नाही, इतर विद्युत उपकरणांचं), म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

आयपी६७ मधला ६ धुळीचा, ७ पाण्याचा: १ मीटर खोली, ३० मिनिटं, गोडं पाणी. नळाच्या जोरदार धारेबद्दल हा ७ काहीच सांगत नाही, तो वेगळा आकडा. शिवाय नमुना सहसा कोरा असतो. आधी आपटा आणि मग बुडवा असा क्रम मानक सांगत नाही, वापरणारा मात्र नेमका तोच क्रम पाळतो!

'मिलिटरी ग्रेड'ची गंमत वेगळीच. एमआयएल-एसटीडी-८१०जी या अमेरिकी लष्करी मानकात १२२ सेंमीवरून २६ वेळा पाडायचं असतं: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. खाली काँक्रीट, पण त्यावर प्लायवूड. आणि हे २६ आपट पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. शिक्का देणारी लष्करी संस्था वगैरे कुणी नसते, कंपनीच सांगते की आम्ही केलं.

विद्युत सुरक्षेसाठी यूएल ८१३९ हे खास ई-सिगारेटचं मानक आहे: बॅटरी, चार्जिंग, तापणारा भाग. खोक्यावर ते शोधा. ते नसेल तर बाकीची चिन्हं मी तरी फार मनावर घेत नाही.

धूरकट

+१ ठोकताळा. एक राहिलं. आयपी६७ फक्त मॉडला असतं, वरच्या टँकला (ई-लिक्विड म्हणजे वाफ होणाऱ्या द्रवाची टाकी) नाही. टँकला हवेची भोकं असतातच, पाणी तिथून सरळ कॉइलपर्यंत (द्रव तापवणारी तार) जातं. आणि काच पहिल्या आपटीत जाते. म्हणून बरेच जण टँक काढून मॉड फेकतात, नाहीतर झाकणासारखा छोटा ॲटमायझर (वाफ तयार करणारा भाग) लावतात. खरा टँक लावून आडवा पाडला तर तो तरफेसारखा काम करतो आणि सगळा जोर ५१० च्या (टँक बसवायच्या जोडाच्या) आट्यांवर येतो. माझ्या एका 'अभेद्य' मॉडचं तिथेच वाकडं झालं. बॉडीवर ओरखडा नाही, पण टँक तिरका बसतो आणि स्क्रीनवर कॉइलचा रोध (रेझिस्टन्स) नाचत राहतो.

आणि चाचणी पाण्याची, पण रोज भिजवणारं असतं ई-लिक्विड. दालचिनी किंवा लिंबूवर्गीय स्वादांनी काही प्लास्टिकच्या टँकना तडे जातात. ते कोण तपासतं?

वॅटमोजणी

टिकाऊपणावर एवढं भांडताय, कामगिरीकडेही बघा. दोन सेलवर २०० वॅट लिहिलेलं असतं. भाराखाली दोन सेलचे मिळून ७ व्होल्ट धरा. २०० भागिले ७, साडेअठ्ठावीस अँपियर, वर सर्किटची घट, म्हणजे तीसच्या पुढे. बहुतेक चांगल्या १८६५० सेलची अखंड क्षमता २० ते ३० अँपियरच्या मधली. त्यामुळे तो आकडा खोक्याच्या सजावटीचा. ऑसिलोस्कोप लावून आपटण्याआधी आणि नंतर खरे वॅट मोजले तर चाचणीला अर्थ. वाफेचा ढग बघून काही कळत नाही.

शंकेखोर

मंडळी, वस्तू अभेद्य आहे की नाही यावर एवढा खल, आणि ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचं काय? अमेरिकेत व्हेपिंगशी जोडलेल्या फुप्फुसाच्या आजाराने फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण इस्पितळात गेले किंवा दगावले. निकोटिनच्या व्यसनाला चिलखत कशाला?

रानवाटा

@शंकेखोर, ती साथ मुख्यतः टीएचसीच्या (गांजातला नशा आणणारा घटक) काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडली गेली. धागा भरकटवू नका.

शंकेखोर

भरकटवत नाही. कॉइलमधून वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं उतरतं हे २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं. 'टिकतं' म्हणून वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूची ही चाचणी नको?

ठोकताळा

@शंकेखोर, मुद्दा रास्त आहे, पण कॉइल सतत बदलतात, बॉडी वर्षानुवर्षं राहते. धातूंची तपासणी कॉइलची व्हायला हवी, मॉडच्या टिकाऊपणाशी ती जोडता येणार नाही.

रानवाटा

असो. @ओहमवाला, मग तुमच्या मते घरी काय तपासायचं? माझा मॉड तर महिन्याला एकदा पडतोच.

ओहमवाला

पडल्यावर आधी सेल काढा, वेष्टण आणि चकती बघा, टवकलं असेल तर तसाच वापरू नका. सेलला पोचा आला असेल तर टाकाच, तोही कचऱ्यात नको, बॅटरी गोळा करतात तिथे द्या. ५१० ची मधली पिन दाबून परत वर येते का बघा. दाराच्या रबरी कडीवर केस किंवा वाळूचा कण असेल तर आयपी६७ गेलं समजा. आणि चार्जिंग मॉडमधून नको, सेल बाहेरच्या चार्जरवर लावा आणि ४.२ व्होल्टला थांबतो का बघा.

रानवाटा

बाहेरचा चार्जर घेऊन रानात कुठे फिरू? मग पोर्टला सील दिलंय कशाला?

धूरकट

फोटोत छान दिसतं म्हणून 😄

ओहमवाला

पोर्टचं सील राहू दे. सेलच्या वायूला वाट कुठे, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. एकाही कंपनीच्या खोक्यावर ते लिहिलेलं दिसलं तर फोटो इथे टाका, मी शब्द मागे घेतो.

रानवाटा

माझ्या मॉडचं दार खटक्याचं आहे, दाब आला तर तेच उघडेल असं मला वाटतं.

ठोकताळा

'वाटतं' नको. किती दाबाला उघडतं ते कंपनीला विचारा. काही सीलबंद उपकरणांत पाणी अडवणारा पण हवा सोडणारा पातळ पडदा असतो, तोही आहे का विचारा. पण तो आतबाहेरचा दाब सारखा राखायला असतो. सेल फुटल्यावरचा लोट त्यातून जाईल अशी आशा धरू नका.