एचओएवर सरकारी देखरेख हवी का? टेक्ससच्या आमदारांना पत्र लिहायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इकडच्या बहुतेक नव्या वसाहतींना एचओए (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संस्था; तिचा कारभार बोर्ड पाहतं) असतेच, त्यामुळे 'नको असेल तर दुसरीकडे घर घ्या' या सल्ल्याला फारसा अर्थ उरत नाही. टेक्ससचं विधिमंडळ एक वर्षाआड भरतं, पुढचं अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये आहे. त्याआधी आमच्या भागातल्या राज्य प्रतिनिधींना पत्र द्यायचं ठरतंय. सह्या करायला गल्लीतले बरेच जण तयार आहेत, पण मागायचं नेमकं काय, तिथे घोडं अडलंय.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. पूलच्या दुरुस्तीचं कारण सांगून वर्गणी वाढवली. मी सर्टिफाइड मेलने बिलं आणि कंत्राट मागितलं. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या २०९ व्या प्रकरणानुसार दहा कामकाजी दिवसांत कागद द्यायचे, नाहीतर लेखी कळवून मुदत वाढवून घ्यायची. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. एचओएने नेमलेल्या मॅनेजमेंट कंपनीचं दुसरं एक पत्र मात्र वेळेवर आलं. त्यात आमच्या अंगणातल्या हिरवळीचा फोटो, वाळलेल्या तुकड्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली दंडाचा इशारा. शहराने पाणी घालायला बंधन घातलेलं असताना! टेक्ससच्या २०२५ च्या एचबी ५१७ या कायद्याप्रमाणे असं बंधन असताना आणि ते उठल्यावर ६० दिवस वाळलेल्या गवतासाठी दंड करता येत नाही. तसं लिहून पाठवल्यावर त्यांनी विषय सोडला. पण पलीकडे एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईंनी तसंच पत्र आल्यावर घाबरून पैसे भरून टाकले. मला खरा त्रास या गोष्टीचा होतो.

म्हणजे इथे कायदा नाही असं नाही. बोर्डाच्या नियमित बैठकीची सूचना १४४ तास आधी द्यावी लागते, दंडाचं धोरण लेखी असावं लागतं, नुसत्या दंडापोटी घराचा लिलाव करता येत नाही. (थकलेल्या वर्गणीपोटी मात्र करता येतो, अगदी राहत्या घराचासुद्धा. टेक्सस सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच ते मान्य केलंय.) प्रश्न हा की बोर्डाने हे पाळलं नाही तर दाद कुठे मागायची? जस्टिस कोर्टात (लहान दाव्यांच्या स्थानिक न्यायालयात) जाता येतं, तिथे स्वतः बाजू मांडता येते. पण समोर एचओएचा वकील उभा राहणार आणि त्याची फी आमच्याच वर्गणीतून जाणार. तक्रार ऐकून घेईल असं राज्याचं एकही कार्यालय नाही.

नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, घर घेताना आपण करारावर सही केली, बोर्डावरची माणसं फुकट राबतात, आणखी नियम आले तर कुणी उभंच राहणार नाही आणि सगळं मॅनेजमेंट कंपनीच्या हातात जाईल. त्यात तथ्य आहे. पण आमच्या बोर्डावर अजून बिल्डरची माणसं बहुमतात आहेत. ७५ टक्के प्लॉट विकले गेल्यावरसुद्धा रहिवाशांना कायद्याने किमान एक तृतीयांश जागाच मिळतात. अशा बोर्डाला 'शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी चालवलेली संस्था' म्हणणं मला पटत नाही.

नेवाडा आणि व्हर्जिनियात यासाठी ऑम्बड्समन (तक्रारी ऐकणारा सरकारी अधिकारी) आहे, फ्लोरिडात तो फक्त कॉन्डोंसाठी (फ्लॅटच्या इमारतींसाठी) आहे. तिथल्या कुणी तक्रार केली आहे का? कागद हातात पडले का? आणि महाराष्ट्रात ज्यांनी उपनिबंधकांकडे खेटे घातलेत त्यांनीही लिहा. सरकारी कार्यालय असल्याने खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद (ठाणे)

मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सचिव होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे १९६० चा सहकार कायदा आहे, २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे, दरवर्षी ऑडिट सक्तीचं आहे. तरी कलम ८३ ची (संस्थेच्या कारभाराची) चौकशी लागली की तारखांवर तारखा पडतात. उपयोग कशाचा झाला सांगू? आकड्यांचा. हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट विकताना सोसायटीला द्यायची रक्कम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. पूर्वी फ्लॅट विकणाऱ्याकडून देणगीच्या नावाखाली वाटेल ते मागायचे. आता तो या मर्यादांच्या सरकारी परिपत्रकाचा कागद पुढे करतो आणि बरेचदा विषय तिथेच मिटतो. ताई, कार्यालय मागण्याआधी आकडा मागा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. टेक्ससमध्ये दंडाचं धोरण लेखी हवं, पण रकमेला कमाल मर्यादा नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०२५ पासून आरोग्य-सुरक्षेचे अपवाद सोडून एका उल्लंघनाला १०० डॉलरची मर्यादा घातली. कोलोरॅडोत २०२२ च्या कायद्याने ती ५०० आहे. तेव्हा पत्रात पहिली मागणी हीच घालते.

पण कार्यालयाची मागणी मी सोडणार नाही. आकडा लिहिलेला कागद पुढे करायला तो आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि पलीकडच्या बाईंना ते कोण सांगणार? नेवाडात ऑम्बड्समनचा खर्च एचओएंकडून घरटी वार्षिक शुल्क घेऊन भागवतात, म्हणजे राज्याच्या तिजोरीवर भार नाही. तसंच मागावं म्हणते. कागद नाकारल्याची तक्रार ठरावीक मुदतीत निकाली काढायची, एवढंच काम त्या कार्यालयाकडे आधी द्यावं. लास व्हेगास, हेंडरसन, रीनोकडच्या मंडळींनी तिथे किती वेळ लागतो ते प्लीज कळवा. मसुदा रविवारी इथेच टाकते.