अनुभव धागा: लँगॉलन कालवा आणि नॅरोबोट

इंग्लंडमधल्या हर्लस्टनपासून वेल्समधल्या लँगॉलनपर्यंत सुमारे ४५ मैल, २१ लॉक (दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे). मित्रमंडळींनी मिळून नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट भाड्याने घेणाऱ्यांच्या कामी येईल असं लिहा. निसर्गवर्णन नको, फोटो सगळ्यांकडे आहेत.

सुकाणू: आधी वेळेचा हिशोब. एक लॉक म्हणजे एक मैल धरा, बेरजेला तीनाने भागा. ६६ भागिले ३, म्हणजे नुसतं जायलाच २२ तास. त्यात हा कालवा वाहता आहे. डी नदीचं पाणी लँगॉलनच्या पलीकडे हॉर्सशू फॉल्सपाशी आत येतं आणि हर्लस्टनकडे जातं, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो. वाटेतल्या एल्समियरहून निघालात तर लॉक दोनच, आणि बघण्यासारखं बहुतेक त्याच टप्प्यात.

टिलरवाली: टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे. बोट मधोमध फिरते, त्यामुळे शेपटी काठाला लागते. न्यूट्रलमध्ये सुकाणू चालत नाही, रिव्हर्समध्ये तर नाहीच. समोरून बोट आली की आपण उजवीकडे.

बोटीच्या पंख्यात (प्रोपेलर) गवत अडकलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच वीड हॅचमध्ये (पंख्यावरचं झाकणाचं भोक) हात. झाकण परत घट्ट बसवा. सैल राहिलं तर पंखा इंजिनच्या खणात पाणी फेकतो आणि बोट बुडू शकते.

विंडलास: खरा धोका लॉकमधून खाली उतरताना. वरच्या दरवाज्याशी पाण्याखाली सिल नावाचा उंबरा असतो, त्याची खूण काठावर पांढऱ्या रेघेने केलेली असते. बोटीची शेपटी कायम रेघेच्या पुढे हवी. शेपटी उंबऱ्यावर टेकली की पाणी उतरतं तसं नाक खाली जातं. अशा वेळी खालची पॅडल (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) ताबडतोब बंद करा, मग वरची हळूहळू उघडून पाणी भरा. दोर पक्का बांधू नका, खुंटाला वेढा देऊन हातात धरा.

ग्रिंडली ब्रुकला तीन लॉक एकमेकांना चिकटून आहेत. शिरण्याआधी, चढताना सगळ्यात खालचं रिकामं हवं, वरची दोन्ही भरलेली. उतरताना सगळ्यात वरचं भरलेलं, बाकी रिकामी. मोसमात तिथे लॉककीपर असतो. त्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये.

सुकाणू: पॉन्टकसिल्टे राहिलाच! १८०५चा जलसेतू, ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काही नाही. दोन बोटी मावत नाहीत, म्हणून समोर कुणी नाही ना ते बघून मगच शिरा. मुलं आतच ठेवा. लँगॉलनजवळच्या अरुंद पट्ट्यांतही हीच अडचण, तिथे एकाला पायवाटेने पुढे पाठवा.

खानावळ: पाण्याची टाकी रोज भरा. बोट बांधल्यावर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नसतं, तेव्हा मोबाईल आधीच चार्ज करून घ्या. टॉयलेटची कॅसेट (काढून रिकामी करायची मैल्याची टाकी) सहा जणांत भराभर भरते. ती रिकामी करायच्या पाळ्या निघण्याआधीच ठरवा, नंतर कुणी सापडत नाही.