लर्निंगच्या टेस्टमध्ये दोन मार्कांनी नापास, सरकारी हिंदीचं काय करू?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, लोकमान्य नगर. वय 43. शाळा सगळी सांगलीला मराठीत, लग्न होऊन इथे आले त्याला वीस वर्षं होतील. आजवर कायम गाडीत यांच्या शेजारी नाहीतर स्कूटीवर मागे बसले, पण यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा पुण्याला, गाडी दारात धूळ खातेय आणि मी यांना फिजिओकडे न्यायला रोज रिक्षा शोधतेय, तेव्हा म्हटलं आता लायसन्स काढायचंच. आधारवरून फॉर्म भरला, घरीच कॅमेऱ्यासमोर टेस्ट दिली आणि दोन मार्कांनी गेले. मुलगा फोनवर असा हसला ना, विचारू नका.

माझी हिंदी वाईट नाहीये हो, भाजीवाल्याशी भांडण्याइतकी उत्तम येते, पण ही टेस्टची हिंदी वेगळीच आहे. ‘आगे संकरा पुल’ वाचलं आणि माझ्या डोक्यात संकरित ज्वारी आली, अरुंद हे सुचलंच नाही. ‘ढाल’ म्हणजे तिथे उतार, पण मला तलवारच आठवते. एके ठिकाणी ‘ओवरटेक करने की चेष्टा’ होतं, म्हणजे प्रयत्न, आता आपल्याकडे चेष्टा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. घड्याळ पळत असतं, तेवढ्यात शब्द लावू की उत्तर शोधू?

दुसरं म्हणजे रोज रस्त्यावर जे बघते तेच उत्तर निवडते. झेब्रावर माणूस उभा आहे, काय कराल? मी टिक केलं ‘हॉर्न देऊन हळू जाईन’. महू नाक्यावर वीस वर्षं तेच बघितलंय! बरोबर उत्तर होतं थांबायचं. आणि ते लाल कडेचं निळं गोल चिन्ह, एकात एक तिरकी रेघ, दुसऱ्यात फुली, दोन्ही मला सारखीच.

एक एजंट तीन हजार मागतोय, म्हणतो ‘मॅडम आप बस ओटीपी बता देना’. द्यायचे का? पुढच्या आठवड्यात परत टेस्ट द्यायचीये, कशी तयारी करू ते सांगा प्लीज.

सुदामानगरकर: ताई, एजंटला अजिबात ओटीपी देऊ नका. लर्निंगची फी दीडशे आणि टेस्टचे पन्नास, बाकी सगळं त्याच्या खिशात. पास व्हायला 60 टक्के लागतात, म्हणजे चिन्हं पक्की झाली की अर्धं काम झालं. आकारावरून लक्षात ठेवा, गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध राहा, निळी चौकोनी पाटी म्हणजे नुसती माहिती. उलटा त्रिकोण एकच, समोरच्याला आधी जाऊ द्या. आठ कोनांचं पण एकच, थांबा. आणि तुमची ती निळी, एक रेघ म्हणजे पार्किंग नाही पण कुणाला उतरवायला क्षणभर थांबलात तर चालतं, फुली म्हणजे तेवढंही थांबायचं नाही. मी घरच्या कॅलेंडरवर दूधवाला आला नाही की फुली मारतो, तेव्हापासून विसरलो नाही.

पोहेजिलेबी: काकू, तुम्ही रस्त्यावर बघून उत्तर देताय हीच चूक, अपने इंदौर में रस्ता बघून कोण पास झालंय भिया 😄 जिथे सिग्नल नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गोल चौकात जो आधीच आत आहे त्याला, आणि घाटात चढणाऱ्याला. राजवाड्याला उलटं दिसेल, दिसू दे. हातांचे इशारे पण येतात. डावीकडे वळायचं असलं तरी खिडकीबाहेर उजवाच हात, घड्याळाच्या उलट गोल फिरवायचा. हायकोर्ट चौकात मूनवॉक करत ट्रॅफिक सांभाळायचा त्या पोलिसाचे व्हिडिओ बघून मात्र पाठ करू नका, कन्फ्यूज व्हाल.

ग्वाल्हेरची_सून: मी गेल्या महिन्यात पास झाले. चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की गाडी थांबवायची, खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं, मग पार करायचं. ब्रॉडगेज रुळांवरची असली फाटकं जानेवारी 2019 पर्यंत सगळी बंद झाली म्हणे, पण प्रश्न आहे तिथेच आहे, तेव्हा मनातल्या मनात उतरा आणि चालत जा. शब्दांसाठी मी एक वही केली होती, डावीकडे त्यांची हिंदी, उजवीकडे आपलं. फिसलन, ढलान, दोहरा मोड़, पैदल यात्री, असे पंचवीस-तीसच शब्द फिरून फिरून येतात, आणि ते ‘वर्जित’, ‘अनिवार्य’ तर आपलेच आहेत. तरी नाहीच जमलं तर फॉर्ममध्ये इंग्रजी निवडा, चित्रं तीच असतात. आणि हो, चाळिशी उलटली म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म 1-ए, ते दिलंत ना?

लोकमान्यनगर_ताई: अगं हो, ते दिलं होतं, डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि वर म्हणाले ‘अब भाईसाहब पीछे बैठेंगे?’ वही आजच केली. पहिलाच शब्द संकरा. हे पलंगावर पाय ठेवून प्रश्न विचारताहेत, फाटकाचा आला की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत जाऊन दोन्हीकडे बघते, सासूबाईंना वाटतंय मी काहीतरी विसरले.

एक राहिलं, पास झाल्यावर महिनाभराने पक्क्याची टेस्ट देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं, एवढं कळलं. तोवर लाल एल लावून शिकताना शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजे ना, मग यांचा गुडघा बरा व्हायच्या आत हेच शेजारी बसले तर चालतील का? लायसन्स आहे यांचं, फक्त ब्रेकवर पाय जाणार नाही.