वेगवेगळ्या लांबीचे ॲरे: शेपटीला नॅन जोडून मोकळं होणाऱ्यांसाठी

खारटपाणी:
काल दर्यावर्दी यांनी लिहिलं की वेगवेगळ्या लांबीच्या ॲरेंवर, म्हणजे आकड्यांच्या रांगांवर, लूप फिरवायचा असेल तर सगळ्यात लांब ॲरे बघा, बाकीच्यांच्या शेपटीला नॅन ('इथे आकडा नाही' ही खूण) जोडा, एक मॅट्रिक्स करा आणि मोकळे व्हा, सेल ॲरे न् लिस्ट (ज्यांच्या खणांत हव्या त्या लांबीचे ॲरे मावतात) हे नवशिक्यांचे चोचले. वाचून डोकं फिरलं. एका ओळीत उत्तर देणार होतो पण जमलं नाही, सबब हे लांबण.

आमच्याकडचा नेहमीचा मामला घ्या. सीटीडीचे कास्ट, म्हणजे खारेपणा, तापमान, खोली मोजणारं यंत्र बोटीवरून खाली सोडून घेतलेले आकडे. एक स्टेशन गोव्याच्या किनाऱ्याजवळ, खाली तळ ४० मीटरवर. दुसरं बाहेर उतारावर, २००० मीटर. दर मीटरला एक आकडा धरला तर एका ॲरेत ४० ओळी, दुसऱ्यात २०००. आता तुमच्या मॅट्रिक्सात पहिल्या स्टेशनला १९६० नॅन चिकटले. ठीक. पण त्याच स्टेशनला ३५ मीटरच्या खाली सेन्सरने दगा दिला आणि तिथले आकडे मी नॅन केले, तर तो नॅन आणि तळाखालचा नॅन यांच्यात फरक कोण सांगणार? एक म्हणतो "मोजायला गेलो, जमलं नाही", दुसरा म्हणतो "इथे पाणीच नाही, चिखल आहे". तुम्ही दोघांना एकच टोपी घातलीत. मग शेवटचा नॅन नसलेला आकडा शोधून खोली ठरवणारे महाभाग येतात आणि ४० मीटरचं स्टेशन ३५ मीटरचं होऊन बसतं.

शिवाय क्वालिटी फ्लॅग, म्हणजे आकडा किती भरवशाचा ते सांगणारे कोड, बहुधा पूर्णांकात असतात. पूर्णांकाला नॅन नसतो. एक नॅन घुसवायला अख्खा कॉलम फ्लोट, म्हणजे दशांश प्रकारचा, करावा लागतो.

म्हणून लूप फिरवायचाय तर मॅटलॅबमध्ये सेल घ्या, पायथनमध्ये साधी लिस्ट घ्या, त्यात काही लाज नाही. फाइलीत ठेवायचं असेल तर सगळे आकडे एकामागे एक सपाट ओतायचे आणि शेजारी प्रत्येक स्टेशनला किती ओळी ते लिहायचं. सीएफ कन्व्हेन्शनच्या (हवामान-समुद्राच्या डेटा फाइली कशा लिहायच्या त्याचे नियम) १.६ आवृत्तीत २०११ सालीच ही पद्धत अधिकृत झालीय, हा माझ्या डोक्यातला किडा नाही.

दर्यावर्दी:
बराच राग आलेला दिसतोय. हिशोब करू. २००० प्रोफाइल (वरून खाली मोजलेल्या आकड्यांची एकेक रांग), सगळ्यात लांब १००० पातळ्यांचं, प्रत्येक आकडा ८ बाइट. झाले १६ एमबी. फोनमधले दोन-चार फोटो. एवढ्यासाठी चिखल, टोपी, महाभाग?

आणि आर्गोवाले काय करतात ते बघा की. जगभरच्या समुद्रात सोडलेले फ्लोट, म्हणजे आपोआप मोजणारी तरंगती यंत्रं, २००० मीटरपर्यंत बुड्या मारणारी, आणि फाइलीत प्रोफाइल गुणिले पातळी असा चौकोनच, उरलेल्या जागी ९९९९९. ते सगळे अडाणी का?

चौकोन असला की सरासरी एका ओळीत, रंगीत सेक्शन एका ओळीत. तुमच्या सेलमध्ये प्रत्येक गोष्टीला सेलफन (खणाखणावर फंक्शन चालवणारी आज्ञा), आणि वर युनिफॉर्म आउटपुट फॉल्स लिहायला विसरलं की लाल अक्षरं. पायथनवाल्यांचं तर विचारूच नका, वेगवेगळ्या लांबीच्या लिस्टा नम्पाय लायब्ररीच्या एनपी डॉट ॲरेला दिल्या की पूर्वी गुपचूप घ्यायचा, आवृत्ती १.१९ पासून कुरकुर करायला लागला, १.२४ मध्ये सरळ एरर. माझ्या जुन्या स्क्रिप्टा एका अपडेटने झोपल्या.

ब्रेसवाली:
दर्यावर्दी, तो एरर आला हे चांगलंच झालं. आधी जे गुपचूप बनत होतं तो ॲरे नव्हताच, ऑब्जेक्टांची पिशवी होती, आणि लोक त्यावर बेरीज करून उत्तर विचित्र का येतंय म्हणून माझ्या टेबलाशी यायचे.

पण तुम्हा दोघांचं भांडण ऐकून मला हसू येतंय, कारण आमच्याकडे पोरं यातलं काहीच करत नाहीत. ती करतात सीटीडी१, सीटीडी२, सीटीडी३ असे साठ वेगळे व्हेरिएबल आणि मग लूपमध्ये इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा) लावून नावं जोडतात!! साठ! मी ओरडले की म्हणतात मॅडम चालतंय ना. त्यापेक्षा नॅनचा चौकोन परवडला. माझं मत विचाराल तर स्ट्रक्ट ॲरे, स्टेशनचं नाव, वेळ, खोली, डेटा सगळं एका जागी. नुसत्या सेलमध्ये सतरावा खण म्हणजे कुठलं स्टेशन ते कुणाला आठवतंय.

फोरट्रानकाका:
मंडळी, हे सगळं सपाट ॲरे आणि कुठलं स्टेशन कुठून सुरू होतं ते सांगणारा एक ऑफसेटचा ॲरे यात कधीच सुटलंय. सुरुवात इथे, शेवट पुढच्याच्या एक आधी, डू लूप, संपलं. ज्यांना तेही नको त्यांना फोरट्रान २००३ पासून टाइपच्या आत ॲलोकेटेबल, म्हणजे हव्या लांबीचा ॲरे, ठेवता येतो, प्रत्येक स्टेशन आपापल्या लांबीचं. पण तुमच्या पिढीला लूप लिहिणं म्हणजे पाप वाटतं. मॅटलॅबमध्ये जिट (कोड चालतानाच वेगवान करणारी सोय) २००२ मध्ये आलं, तरी लोक अजून शिकवतात की फॉर लूप हळू असतो.

आणि नॅन हा प्रकारच मला मान्य नाही. जो तुलनेत स्वतःशीसुद्धा समान निघत नाही त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? रिकाम्या जागी -९९९ लिहा. डोळ्याला दिसतो.

कोकणपाऊस:
काका!!! -९९९ चं नाव काढू नका. बाकी धागा गेला खड्ड्यात, मला यावर बोलायचंय.

हवामान खात्याचा पावसाचा ग्रिड डेटा, म्हणजे नकाशावर आखलेल्या खणांचा, पाव अंशाचा, १९०१ पासूनचा, १३५ गुणिले १२९ खणांचा. समुद्रावरचे खण -९९९. आमच्या ग्रुपमध्ये एकाने रत्नागिरीभोवती चौकोन आखला आणि सरळ सरासरी काढली. अर्धा चौकोन अरबी समुद्रात. जुलैचा पाऊस उणे आला. रत्नागिरीत. जुलैत. आणि साहेबांनी काय करावं, उणे आकडे शून्य करून पुढे गेले, "निगेटिव्ह म्हणजे नॉइज". ते पोस्टरवर छापलं गेलं. त्या पोस्टरसमोर मी उभा होतो, लोकांना उत्तरं देत.

फोरट्रानकाका:
यात -९९९ चा काय दोष? डेटासोबतच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं. उलट उणे आला म्हणून चूक दिसली तरी. तुमचा नॅन घ्या. नम्पायमध्ये महिनाभर सगळे नॅन आहेत आणि तुम्ही नॅनसम (नॅन वगळून बेरीज) लावलात तर उत्तर काय येतं? शून्य! डेटा नाही त्या महिन्याचा तुम्ही दुष्काळ केलात, आणि शून्य पाऊस बघून कुणालाच शंका येत नाही. कुठली चूक बरी, रत्नागिरीत उणे की मराठवाड्यात खोटा कोरडा महिना?

कोकणपाऊस:
नॅनसमचं खरं आहे. त्याचा अर्थ -९९९ चांगला असा होत नाही. आणि सगळीकडे -९९९ तरी असतो का? त्याच खात्याच्या तापमानाच्या ग्रिडमध्ये रिकाम्या जागी ९९.९. ९९.९! कमाल तापमानाच्या सरासरीत असे दोनतीन मिसळले की विदर्भाचा मे महिना थोडा जास्त तापलेला दिसतो, बस. कुणाला कळणारे? तुमचं ते डोळ्याला दिसणं कुठे गेलं?

फोरट्रानकाका:
धन लिहिला तो खात्याने. मी उणे म्हटलं होतं. आणि माझ्या पद्धतीत खारटपाण्याचा प्रश्नही सुटतो, सेन्सर बिघडला तर -९९९, तळ आला तर -८८८. नॅनमध्ये करून दाखवा.

कोकणपाऊस:
हो, आणि तिसऱ्याला -७७७, मग पाच वर्षांनी ते कोड कुणाच्या वहीत होते ते शोधत फिरा. काका तुम्ही रिटायर व्हाल हो, वही घेऊन जाल.

फोरट्रानकाका:
रिटायर झालोय. वही इथेच आहे. हवी तर फोटो पाठवतो.

ब्रेसवाली:
अहो पाऊस थांबवा जरा, विषय ॲरेच्या लांबीचा होता.

खारटपाणी:
आभार ताई. दर्यावर्दी, आर्गोचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. ती फाइल नीट उघडून बघा. आकड्याशेजारी क्वालिटी फ्लॅग असतो. मोजलं पण आकडा नाही, तर तिथे ९. नुसती भरणी असेल तर तिथे कोरी जागा. म्हणजे ज्यांनी चौकोन केला त्यांनीसुद्धा फरक वेगळा लिहून ठेवलाय. तुमच्या मॅट्रिक्सात तो कुठाय?

आणि ते १६ एमबी तुमच्या पीएचडीपुरते. आर्गोची प्रोफाइल २० लाखांच्या वर गेलीत. तेवढ्यांना प्रत्येकी १००० खण दिले तर एका तापमानालाच १६ जीबी, आणि जुन्या फ्लोटांच्या एका प्रोफाइलात सत्तरेक पातळ्या, बाकी सगळी हवा.

दर्यावर्दी:
२० लाख प्रोफाइल एका लूपमध्ये फिरवणारे इथे किती आहेत, हात वर करा. असो. मॅट्रिक्सशेजारी प्रत्येक स्टेशनच्या खऱ्या लांबीचा एक कॉलम ठेवीन, लूपमध्ये तेवढ्यापर्यंतच वाचीन. झालं समाधान? चौकोन माझा, लांबी तुमची, प्रसाद सगळ्यांना.

ब्रेसवाली:
एक राहिलंच, पायथनवाल्यांसाठी. डीटाइप ऑब्जेक्ट (म्हणजे 'ॲरेत काहीही चालेल') लिहून एरर गप्प करू नका. एखाद्या क्रूझला नेमकी सगळी स्टेशनं सारख्या लांबीची निघाली की तोच कोड गुपचूप दोन मितींचा ॲरे बनवतो आणि पुढचा लूप भलतीकडे. शिवाय सेव्ह केलं तर उघडताना पिकलची (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा साठवायची पद्धत) परवानगी मागतो. लिस्टच ठेवा.

खारटपाणी:
सहमत. आणि काकांच्या सपाट पद्धतीतही खड्डा आहे. नम्पायच्या रिड्यूसॲटला (सपाट ॲरेची तुकड्यातुकड्याने बेरीज करणारी आज्ञा) ऑफसेट दिले आणि मधलं एखादं स्टेशन रिकामं असेल, तर बेरीज शून्य न देता तो पुढच्या स्टेशनचा पहिला आकडा उचलून देतो.

फोरट्रानकाका:
डू लूपमध्ये सुरुवात शेवटापेक्षा मोठी असली की लूप फिरतच नाही, बेरीज शून्यच राहते. म्हणून म्हणतो लूप लिहा. आणि त्या रिकाम्या स्टेशनला -९९९.

कोकणपाऊस:
काका!!!