1997 च्या सिव्हिकला 17 इंची अलॉय बसतील का?

जुनी_सिव्हिक

मंडळी, सल्ला हवा आहे. माझ्याकडे 1997 ची होंडा सिव्हिक हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर. रिम अजून मूळच्या, 14 इंची स्टीलच्या, 5.5 रुंदीच्या. टायर 185/65 R14 (185 मिमी रुंद, भिंतीची उंची त्याच्या 65 टक्के, रिम 14 इंची). टायरच्या बाजूला बारीक चिरा पडल्यात, म्हणजे ते बदलायचेच आहेत. अशात एका ओळखीच्याकडे 17 इंची अलॉयचा सेट पडून आहे असं कळलं. रिमच्या मागे 17x7.5 ET35 कोरलंय. भोकं आठ आहेत, त्यामुळे 4x100 (100 मिमीच्या वर्तुळावर चार नट) आणि 4x114.3 दोन्हीला चालतात. मधलं भोक 73.1. त्यावर 215/45 R17 टायर चढवलेलेच आहेत आणि नक्षी भरपूर शिल्लक आहे.

गाडीची उंची मूळचीच, स्प्रिंगला हात लावलेला नाही. रोजची गाडी आहे, मागे आईवडील बसतात. दिसायला ती चाकं फार देखणी आहेत हे खरं. बसतील का? थोडं घासलं तर मडगार्डची कड आत वळवून घेतात असं ऐकलंय, ते करून घेईन.

तिसरा_गिअर

4x100 आहे ना, मग बसणार. कुठे घासलं तर पातळ स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये बसणारी चकती) टाका, कडा वळवा. या गाड्यांवर 17 सर्रास दिसतात.

चाकवाला

दादा, घाई करू नका. माझी हयात चाकं बसवण्यात आणि अलाइनमेंटच्या पिटात गेली, आणि ही सिव्हिक माझ्या जिवाभावाची गाडी आहे. पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन सस्पेन्शन (चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं) असलेली इतकी हलकी गाडी पुन्हा सहज मिळत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळे आधी इंच विचारतात. मी आधी दोन गोष्टी काढतो: टायरचा बाहेरचा व्यास, आणि रिम आत-बाहेर किती सरकते. दोन्ही कागदावर निघतात, त्यासाठी चाक हातात असायची गरज नाही.

व्यास बघा. तुमचा 185/65 R14 म्हणजे 596 मिमी. 215/45 R17 म्हणजे 625. जवळजवळ 5 टक्के मोठा. काटा 100 दाखवेल तेव्हा मूळ हिशेबापेक्षा गाडी 105 ने पळत असेल. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होणार, म्हणजे चढावर जिथे तिसऱ्यात निघत होता तिथे दुसरा टाकावा लागेल. ब्रेकचंही तेच. पेडल तेवढंच दाबलं तरी चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर पोचणारा जोर कमी होतो. त्यात वजन. तुमचं आत्ताचं एक चाक आणि त्यांच्याकडचं एक चाक, दोन्ही टायरसकट वजनकाट्यावर ठेवा आणि आकडे इथे लिहा. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते वाढलं की शॉक अॅब्सॉर्बरला चाक आवरता येत नाही, आणि तुमचे शॉक किती जुने आहेत हे तुम्हालाच ठाऊक.

आता ऑफसेट. ET म्हणजे रिमच्या मधोमध असलेल्या रेषेपासून हबला (गाडीचा चाक बसतं तो भाग) टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. तुमच्या मूळ रिमचा ET 45 धरतो. 5.5 इंच म्हणजे 139.7 मिमी, त्याचे अर्धे 69.85. त्यातून 45 वजा केले की हबपासून बाहेरची कड येते 24.85 मिमीवर, आणि मिळवले की आतली 114.85 वर. तोच हिशेब 7.5 रुंदी आणि ET35 ला लावा: बाहेरची कड 60.25, आतली 130.25. म्हणजे रिम बाहेर 35 मिमी आणि आत 15 मिमी वाढली. टायरचा फुगवटा वेगळा.

बाहेरचे 35 मिमी मूळ उंचीच्या सिव्हिकला झेपत नाहीत. रिकाम्या गाडीत, सपाट जागेवर, सगळं छान दिसेल. मागे दोन माणसं बसली आणि खड्डा आला की टायरचा खांदा मडगार्डच्या कडेवर आपटणार. स्पेसर टाकला तर चाक आणखी बाहेर जाईल, तो इथे उपाय नव्हे.

पुढच्या बाजूला आणखी एक जागा आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या गाडीचा नकल, म्हणजे हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग, टायरच्या वरून वळसा घेऊन वर जातो आणि तिथे वरच्या आर्मला जोडलेला असतो. टायर रुंद आणि उंच दोन्ही झाला की त्याचा आतला खांदा या नकलच्या मानेजवळ येतो. बोट आडवं घालून बघा, जागा किती आहे ते कळेल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला आणि तिथल्या बोल्टला लागतो का, हे गाडी मागे घेतानाही बघायचं. पुढे जाताना न घासणारं चाक रिव्हर्समध्ये घासलेलं मी खूपदा पाहिलंय.

आता कड वळवण्याबद्दल, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. मागच्या मडगार्डची कड एका पत्र्याची नसते. बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे तिथे एकत्र येतात आणि मध्ये सीलर भरलेला असतो. कड दाबून वळवली की सीलर फाटतो आणि चाकाने उडवलेलं पाणी थेट सांध्यात जातं. या पिढीच्या सिव्हिकला गंज धरतो तोही नेमका मागच्या चाकांच्या कमानीलाच. आत्ता, ही पोस्ट वाचून झाली की खाली जा आणि कमानीच्या आतून बोट फिरवा. रंगाखाली फोड लागले, पापुद्रा हाताला आला, तर त्या कडेला वळवायचा रोलर लावू देऊ नका. रंग तडकेल आणि वर्षभरात तिथे भोक दिसेल.

टायर कधी बनला ते सांगणारा, टायरवरचा डॉटचा (DOT) आकडाही वाचा. शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही असो, रबर कडक झालं असेल तर ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

माझं मत मागितलंत तर 15 इंची रिम, 6 किंवा 6.5 रुंद, ET 40 च्या आसपास, आणि 195/55 R15 टायर. व्यास 595.5, मूळच्याला अगदी लागून. दिसायलाही कमान नीट भरते.

मागचं_सीट

चाकवाल्यांना दुजोरा. याच पिढीची सिव्हिक एसआय अमेरिकेत 1999 आणि 2000 साली विकली जायची, तिला कंपनीतूनच 15 इंची रिम आणि 195/55 R15 टायर होते. म्हणजे हा आकार याच पिढीच्या सिव्हिकला होंडानेच लावलेला आहे.

माझ्याकडे ही गाडी आली तेव्हा आधीच्या मालकाने 205/40 R17 चढवलेले होते. व्यास बरोबर जुळतो, 596, त्यामुळे काटा वगैरे ठीक. पण टायरची भिंत उरते 82 मिमी, तुमच्या आत्ताच्या टायरची 120 आहे. एका मोठ्या खड्ड्यात डावीकडची रिम आतल्या बाजूने वाकली आणि टायरला बाहेरून सुपारीएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर दुरुस्त होत नाही. पंधरावर आल्यापासून मागे बसणाऱ्यांची तक्रार थांबली.

तिसरा_गिअर

आठ भोकांच्या रिमबद्दलचा माझा मुद्दा कायम आहे, 4x100 जुळतं ते जुळतंच. पण ET चा हिशेब मी केला नव्हता. 35 मिमी बाहेर हे मूळ उंचीवर खरंच जास्त आहे.

जुनी_सिव्हिक

सगळ्यांचे आभार, विशेषतः चाकवाले काकांचे. खाली जाऊन तपासलं.

वजन: माझं स्टीलचं चाक टायरसकट 14 किलो, ते 17 इंची 20 किलो. चारही चाकांवर एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. त्या टायरांवर 1112 लिहिलंय, म्हणजे 2012 चे. आणि मागच्या उजव्या कमानीच्या आतून बोट फिरवलं तर दोन ठिकाणी फोड लागले, एकाचा पापुद्रा नखाने निघाला, खाली तपकिरी पत्रा. डावीकडे सध्या स्वच्छ आहे.

17 चा विषय सोडला. 15x6.5 ET40 चा सेट मिळतोय, 4x100, मधलं भोक 67.1. रंग साधा चंदेरी, मला आवडला. आता तीन शंका. माझ्या हबचं माप 56.1 आहे, मग मधली फट तशीच ठेवायची का? जुनेच नट वापरू का, मापाला तर बसतात? आणि स्टेपनीचं काय, ती 14 इंचीच राहणार.

चाकवाला

6.5 आणि ET40 चा हिशेब केला: बाहेर 17.7 मिमी, आत 7.7. चांगलं बसेल. तरी चारही टायर चढवण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे लावून बघा. मागे माणसं बसवा, डिकीत सामान ठेवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे-मागे घ्या. कडेला थोडा खडू लावून ठेवा. खडू टायरवर उमटला की कुठे लागतंय ते शोधायला नको.

फट ठेवायची नाही. 67.1 बाहेर, 56.1 आत अशा मापाची हब रिंग मिळते, चारही चाकांना घाला. रिंगवर भार येत नाही, तो नटांच्या पकडीवरच असतो. पण चाक बसवताना ते नेमकं मध्यावर येतं ते रिंगमुळे. रिंग नसली की बॅलन्सिंग कितीही चोख करा, 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याला बोल लावत बसतो. आधी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक तिरकं बसतं.

नटांचं तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. जुने नट नक्की बदला. आट्यांचं माप तेच, एम12x1.5, म्हणून ते छान फिरतात आणि माणूस फसतो. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलाकार असतं, चेंडूच्या तुकड्यासारखं. बाजारातल्या अलॉयची बैठक बहुतेक वेळा 60 अंशांची शंकूसारखी असते. गोल नट त्यात घातला तर तो फक्त एका बारीक वर्तुळावर टेकतो. घट्ट वाटतो, पण अॅल्युमिनियम तिथे दबतं आणि नट सैल होतो. तुमच्या नव्या रिमच्या भोकात बोट घालून बघा, उतार सरळ असेल तर शंकूचे नट घ्या. नट हाताने किमान आठ पूर्ण फेरे बसला पाहिजे, म्हणजे स्टडवर 12 मिमी पकड मिळते. आट्यांना तेल-ग्रीस काही नाही. आवळायचे ते समोरासमोर, टॉर्क रेंचने, 108 न्यूटन मीटर. 80 ते 100 किलोमीटर चाललं की पुन्हा तपासा, नव्या अलॉयवर हे टाळू नका.

स्टेपनी तुमची 185/65 R14 च ठेवा. नव्या टायरशी व्यास मिलिमीटरभराच्या आत जुळतो, त्यामुळे पुढे लावायची वेळ आली तरी डिफरन्शियलला त्रास नाही. पण तिची रिम होंडाची, म्हणजे तिला गोल बुडाचेच नट लागणार. जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवा, आणि पाना दोन्ही नटांना चालतो का हे घरी करून बघा. काही अलॉयची भोकं अरुंद असतात, गाडीतला पाना आत जात नाही.

टायर घेताना लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) तुमच्या गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात दिलाय त्यापेक्षा कमी नको. 84 म्हणजे 500 किलो, 85 म्हणजे 515, एकाच आकारात दोन्ही मिळतात. मागे माणसं बसतात म्हणून हे बघाच. आणि तुमच्याकडे अशा बदलाची नोंद विम्यात किंवा तपासणीत लागत असेल तर आधीच कळवून टाका.

उरला प्रश्न खालच्या भागांचा. अलाइनमेंटला नेण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचला. घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा: खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग 3 आणि 9 ला धरून हलवा: तिथे खेळ असला तर आधी टाय रॉडचं (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) टोक बघा. जुने रबरी बुश आणि सैल सांधे अरुंद टायरवर खपून जातात, रुंद टायर रस्त्यावरची प्रत्येक खाच स्टिअरिंगपर्यंत आणतो. खेळ असेल तर आधी तो काढा, मग अलाइनमेंट.

आणि त्या उजव्या कमानीचं काम चाकांच्या आधी करा. फोड खरवडून चकचकीत पत्रा लागेपर्यंत जा, गंज रोखणारा प्रायमर, सांध्यात नवा सीलर, वरून अंडरकोट. आत्ता ते एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. पत्र्याला भोक पडलं की तुकडा कापून वेल्डिंग करावं लागतं.

जुनी_सिव्हिक

काका, रिमच्या भोकात बोट घातलं, उतार सरळ आहे, म्हणजे शंकूचेच नट. गाडीतला पाना आत जात नाही, बाहेरूनच अडकतो, पातळ सॉकेट घ्यावं लागेल. कमानीचं काम सुरू केलंय. चाकं बसली की खडूच्या खुणांचे फोटो टाकतो.

चाकवाला

टाका. पुढच्या नकलजवळचाही एक घ्या, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून.